आधीचा सर्व्हर सापडला

ऑफिसात तिला सगळे 'पायाभरणी' म्हणायचे. तोंडावर ताई आणि पाठीमागे पायाभरणी. तिला ते ठाऊक होतं, त्यामुळे त्यात पाठीमागचं असं फारसं काही उरलं नव्हतं. कंपनी छोट्या रुग्णालयांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. बाकीची मंडळी पडद्यावरचे रंग ठरवायची, बटणं गोल की चौकोनी यावर तासतासभर भांडायची. ताईकडे होता इन्स्टॉलर, म्हणजे ते सगळं गिऱ्हाइकाच्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवणारा प्रोग्रॅम. तो नीट चालला तर त्याची कोणाला आठवणही होत नसे. बिघडला की मात्र सगळ्यांना तिचा नंबर पाठ असायचा.

सॉफ्टवेअर बसवणं तसं सोपं. घोडं अडतं ते डेटाबेस सर्व्हरपाशी. पडद्यावर आपल्याला दिसतो तो नुसता काउंटर असतो. कोण रुग्ण, कोणत्या खाटेवर, कोणतं औषध चालत नाही, ही खरी माहिती मागे बसलेला सर्व्हर सांभाळतो. काउंटरवरून विचारायचं आणि त्याने आतून काढून द्यायचं. तेव्हा इन्स्टॉलरला सगळ्यात आधी बघावं लागतं, की या कॉम्प्युटरवर असा कोणी आधीपासून बसलाय का. ताईचा इन्स्टॉलर ते तीन ठिकाणी बघायचा. आधी बसवलेल्या प्रोग्रॅमांची यादी, मग चालू असलेल्या सेवांची यादी. तरीही खात्री पटेना म्हणून शेवटी, सर्व्हर ज्या ठरलेल्या दारावर ऐकत असतो, ज्याला पोर्ट म्हणतात, तिथे जाऊन एक हाक मारायची. आतून ओ आली तर पुढचं काम थांबवायचं आणि समोरच्या माणसाला विचारायचं: "आधीचा सर्व्हर सापडला. तोच वापरायचा, की काढून नवा बसवायचा?"

हा प्रश्न तिने फार महागात पडल्यावर घातला होता.

बारा वर्षांपूर्वीच्या पहिल्या आवृत्तीत तो नव्हता. तेव्हाचा इन्स्टॉलर कोणाला विचारत वगैरे नसे. जुना सर्व्हर दिसला की काढायचा आणि आपला बसवायचा, की झालं. ताई नवी होती, घाईत होती, आणि साहेबांना कमीत कमी प्रश्न विचारणारा इन्स्टॉलर हवा होता. एका लहानशा रुग्णालयात तो सकाळी चालवला गेला आणि आदल्या दिवसापर्यंतच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या. आदल्या दिवशी तिथे एक बाई भरती झाली होती. ऑपरेशनआधी सर्रास देतात ते इंजेक्शन आपल्याला चालत नाही, हे तिने येताक्षणी सांगितलं होतं. ते कॉम्प्युटरवर टाईप झालं होतं आणि कागदावर कुठेच उतरलं नव्हतं. पाळी बदलली, नव्या सिस्टरला पडदा कोरा दिसला आणि तिने ते इंजेक्शन दिलं. बाई अर्ध्या तासात गेली.

चौकशीत 'तांत्रिक अडचण' एवढंच लिहिलं गेलं. रुग्णालय पुढे वर्षभरात बंद पडलं. ताईला कोणी एका शब्दाने बोललं नाही, आणि तेच तिला खात राहिलं. तिने फक्त आईला सांगितलं होतं. आई भांडी पुसत होती. ती पुसतापुसताच म्हणाली, "तू मुद्दाम केलं नाहीस." मग थोड्या वेळाने, "पण पुन्हा नको करूस." ताईने त्याच आठवड्यात तो प्रश्न घातला. बाईचं नाव ती विसरली नाही.

बारा वर्षांनी एक दिवस ताई स्वतः गिऱ्हाइकाकडे कॉम्प्युटर मांडायला निघाली तेव्हा ऑफिसात जरा हसाहसी झाली, कारण ती कधी बाहेरच्या कामाला जात नसे. पण कारण साधं होतं. आईच्या पित्ताशयात खडे निघाले होते. घराजवळच्या एका नव्या रुग्णालयात दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन होतं आणि आज चार वाजता भरती व्हायचं होतं. योगायोगाने ते रुग्णालय ताईच्याच कंपनीचं गिऱ्हाईक होतं. आपल्या आईची नोंद ज्या कॉम्प्युटरवर होणार, तो आपल्या हातानेच लागलेला बरा, असं तिला वाटलं. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या आयांच्या नोंदी तिने परक्या हातांवर सोडल्या होत्या, हे तिच्या मनात आलं. ते तिने मनातच ठेवलं.

रुग्णालय इतकं नवं होतं, की भिंतींच्या रंगाचा वास अजून जंतुनाशकाच्या वासाला दाद देत नव्हता. पहिल्या मजल्यावर आठ खाटांचा एकच वॉर्ड. त्याच्या तोंडाशी काचेची छोटी खोली आणि तिच्यात टेबल, खुर्ची, न उघडलेलं खोकं. खोक्याची चिकटपट्टी ताईने स्वतः कात्रीने कापली. डॉक्टर येऊन दोन वाक्यं बोलून गेले. चारला वॉर्ड उघडतोय, तेव्हा पडद्यावर आठही खाटा दिसल्या पाहिजेत, बाकी त्यांना काही कळत नाही आणि कळून घ्यायचंही नाही. वॉर्डची सिस्टर पन्नाशीची, कामसू बाई होती. तिने न विचारता चहा आणून ठेवला आणि नव्या चादरी मोजायला निघून गेली.

दुपारी सव्वादोनला ताईने इन्स्टॉलर चालवला. पहिल्या यादीत सर्व्हर नव्हता. दुसरीतही नव्हता. ताईने चहाचा घोट घेतला आणि पडद्यावर तिचीच ओळ उमटली.

आधीचा सर्व्हर सापडला.

ताईला आधी रागच आला. आपल्याच कोडमधली चूक आपल्याच तोंडावर, तीही गिऱ्हाइकाकडे. तिने नेटवर्कची वायर उपटली, म्हणजे दुसऱ्या कुठल्या कॉम्प्युटरवरून उत्तर येत असेल तर बंद होईल. पुन्हा चालवलं. सापडला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सापडला. चालू सेवांची यादी वरून खाली बोट फिरवत वाचली. त्यात सर्व्हर नव्हता, तरी दारावर हाक मारली की ओ येत होती.

आणि आवाज येत होता. हा कॉम्प्युटर नव्या धाटणीचा होता, त्याच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नव्हतंच. त्याचा पंखासुद्धा कान लावल्याशिवाय ऐकू आला नसता. तरी प्रत्येक हाकेसरशी कॉम्प्युटरच्या आतून खर्र... खर्र... असा आवाज यायचा. जुन्या डिस्कमध्ये सुई तबकडीवर जागा शोधायची, तेव्हा यायचा तसा. ताईने तो आवाज कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

तिने ऑफिसातल्या टेस्टिंगवाल्याला फोन लावला. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि नव्या मशीनवर जुना सर्व्हर असूच शकत नाही, तेव्हा 'काढून नवा बसवा' दाबून मोकळी हो, असा सल्ला दिला. ताई म्हणाली, आधी आत काय आहे ते बघते. तो म्हणाला, आत जायला परवलीचा शब्द लागेल, तो कुठून आणणार? ताईने फोन ठेवला. पहिल्या आवृत्तीत तिने प्रत्येक रुग्णालयाला एकच परवलीचा शब्द घातला होता. तेव्हा सगळेच तसं करत. तो तिने आता टाईप केला.

सर्व्हरने तिला आत घेतलं.

आत एकच डेटाबेस होता. बंद पडलेल्या त्या रुग्णालयाचा. रुग्णांच्या तक्त्यात एकच ओळ होती. नाव ताईने दोनदा वाचलं. ते त्या बाईचंच होतं. वय एकेचाळीस. खाट सहा. भरतीची तारीख बारा वर्षांपूर्वीची. पुढे लिहिलं होतं: ऑपरेशनआधीचं इंजेक्शन चालत नाही, मागे दिलं तेव्हा श्वास कोंडला होता. डिस्चार्जची तारीख रिकामी होती.

शेजारी तापमानाच्या नोंदींचा तक्ता होता. रोज एक नोंद, दुपारी चारची. ताईने त्या मोजल्या नाहीत, सर्व्हरलाच मोजायला सांगितलं. खर्र... खर्र... चार हजार तीनशेच्या वर. पहिल्या दिवशीचं तापमान अठ्ठ्याण्णव पूर्णांक सहा. दुसऱ्या दिवसापासून मात्र आकडे ताप मोजल्यासारखे नव्हते. उन्हाळ्यात नव्वद, थंडीत सहासष्ट, मधल्या दिवसांत पंच्याहत्तर-ऐंशी. ताईला समजायला वेळ लागला. ते खोलीचं तापमान होतं. शेवटची नोंद कालची होती.

काचेपलीकडे सिस्टर खाटांवर चादरी घालत होती. बाहेर लख्ख ऊन होतं, रस्त्यावर कोणीतरी मागेपुढे करत गाडी लावत होतं. ताईला उठून त्या गाडीपाशी जाऊन उभं राहावंसं वाटलं.

डॉक्टरांनी दारातून डोकं आत घातलं. "होतंय ना?"

"होतंय," ताई म्हणाली. "आधीचं काहीतरी आहे इथे."

"मग काढा ते. नवं मशीन आहे, नवंच हवं सगळं."

पडद्यावर तिचा प्रश्न उभा होता. तोच वापरायचा, की काढून नवा बसवायचा? एक बटण दाबलं की सगळं स्वच्छ होणार होतं आणि आईची नोंद कोऱ्या सर्व्हरवर पडणार होती. कोणतीही शहाणी बाई हेच करेल. पण बारा वर्षांपूर्वी हे बटण नव्हतं म्हणून त्या बाईला न बघता पुसलं गेलं, आणि आता तिचं नाव वाचून, डोळ्यांदेखत पुन्हा पुसायचं... ताईचा हात माऊसवरून उचलला जाईना आणि पुढेही जाईना. दुसरीकडे आईचा जीव होता. या असल्या सर्व्हरच्या भरवशावर आईला सोडायचं का? तिला सरळ रडू आलं. ते तिने चहाच्या कपाआड आवरलं.

शेवटी तिने मधला मार्ग काढला. एका सर्व्हरमध्ये दोन डेटाबेस राहू शकतात, घरात दोन खोल्या असाव्यात तसे. याच्या खोलीतून त्याच्या खोलीत काही जात नाही. तिने 'तोच वापरायचा' दाबलं, शेजारी नवा डेटाबेस उघडला, मधली दारं बंद असल्याची दोनदा तपासणी केली आणि सोक्षमोक्ष लावून टाकला. पावणेचारला पडद्यावर आठ रिकाम्या खाटा उमटल्या. डॉक्टर खूश झाले.

आई चारच्या ठोक्याला आली, हातात पिशवी, पिशवीत स्वतःची उशी. सिस्टर तिला खिडकीजवळची सहा नंबरची खाट देत होती. ताईने मध्येच सात नंबर सांगितला.

"अगं, खिडकी मिळत होती," आई कुरकुरली.

"वारा लागेल."

"मला काय वारा लागतोय. तुझं आपलं काहीतरीच."

सिस्टरने नेहमीचे प्रश्न विचारले. कोणतं औषध चालत नाही? आई म्हणाली, मला सगळं चालतं, सुनेच्या हातची कॉफी सोडून. सिस्टर हसली आणि तो रकाना रिकामा ठेवून पुढे गेली. ताई शेजारीच उभी होती. रकाना रिकामा राहिलेला तिने स्वतः पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला डॉक्टर पडद्यासमोर उभे राहिले आणि भुवया उंचावून आईकडे आले. इंजेक्शन चालत नाही, हे काल का सांगितलं नाही, त्यांनी विचारलं. आईला काही कळेना. असलं इंजेक्शन तिने जन्मात घेतलं नव्हतं, चालतं की नाही हे तिला कुठून माहीत असणार? डॉक्टर तसे घाईचे, पण लिहिलेलं न वाचल्यासारखं करणाऱ्यांपैकी नव्हते. त्यांनी आईच्या हाताला औषधाचा एक थेंब टोचून पाहिला. दहा मिनिटांत तिथे बोराएवढी लाल गांध उठली आणि आई हात खाजवायला लागली.

"बरं झालं लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी औषध बदललं. ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं.

आई शुद्धीवर येईपर्यंत ताई काचेच्या खोलीत बसून होती. तिने आईची नोंद उघडली. ओळ त्या बाईच्या नोंदीतलीच होती, शब्दान् शब्द: ऑपरेशनआधीचं इंजेक्शन चालत नाही. पण श्वास कोंडल्याचं वाक्य त्यात नव्हतं. नोंद काल दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी झालेली, म्हणजे सिस्टर कागद गोळा करून उठल्यानंतर. नोंद कोणी केली हा रकाना कोरा होता. सॉफ्टवेअरमध्ये तो कोरा ठेवताच येत नाही, तशी व्यवस्था ताईनेच केली होती. ताईने दोन्ही हात टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात, कोणी ऐकत नाही असं बघून, म्हणाली, "मी तुम्हाला पुसलं होतं... तरी तुम्ही..." भीतीपेक्षा तिला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त उपकार वाटत होते. जुना डेटाबेस तिने त्या दिवशी उघडला नाही. जिने आपली आई वाचवली, तिच्या खोलीत डोकावणं तिला बरं वाटेना.

पाचव्या दिवशी आई घरी आली. आठव्या दिवशी टाके काढायला ताई तिला रिक्षाने परत घेऊन गेली. सकाळीच तिने सवयीने आईच्या कपाळाला हात लावून पाहिला होता. ताप नव्हता, कपाळ नेहमीसारखं कोमट होतं. टाके निघाले, सगळं सुकलं होतं. आई बाहेरच्या बाकावर बसून शेजारच्या बाईला आपले खडे किती मोठे होते ते बोटांनी दाखवायला लागली.

ताई निघणार, तेवढ्यात सिस्टरने तिला थांबवलं. कॉम्प्युटर फार खरखरतो, रोज चारच्या सुमाराला जास्तच. दुकानदार म्हणतो असा आवाज येणं शक्य नाही, पण डॉक्टरांच्या रेट्यापुढे त्याचं काही चाललं नाही. उद्या सकाळी तो मशीन उचलून नेणार आणि दुसरं देणार होता. आमच्या नोंदी तेवढ्या नव्या मशीनवर न्या म्हणजे झालं, सिस्टर म्हणाली.

भिंतीवरच्या घड्याळात चारला दोन मिनिटं कमी होती. ताई खुर्चीत बसली. आपल्या मागून त्या बाईला कोणी भंगारात देऊ नये, तिचीही खोली सोबत न्यावी, एवढंच तिच्या मनात होतं. तिने परवलीचा शब्द टाईप केला आणि जुना डेटाबेस उघडला.

रुग्णांच्या तक्त्यात ती बाई नव्हती.

तिची ओळ सगळी नाहीशी झाली नव्हती. ती भरतीच्या यादीतून निघून डिस्चार्जच्या यादीत गेली होती. बारा वर्षं रिकामी राहिलेली तारीख भरलेली होती, आठ दिवसांपूर्वीची, वेळ चार वाजून दहा मिनिटं. ताईला क्षणभर हायसं वाटलं. सुटली बिचारी, असं ती पुटपुटलीसुद्धा.

मग तिने भरतीची यादी पुन्हा वाचली. ती रिकामी नव्हती. एक ओळ होती. खाट सात. वय चौऱ्याहत्तर. नाव तिच्या आईचं. डिस्चार्जची तारीख रिकामी.

खर्र... खर्र... तापमानाच्या तक्त्यात आईच्या नावावर रोजची एक नोंद पडलेली होती. पहिली अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार. नंतरच्या ऐंशी, एक्याऐंशी, एकोणऐंशी. ताईने काचेतून बाहेर पाहिलं. आई बाकावर बसली होती, पाय हलवत, शेजारणीला काहीतरी रंगवून सांगत, अगदी आहे तशी.

घड्याळात चार वाजले. पडद्यावर आजची ओळ उमटली. तापमान एकोणऐंशी. बारा वर्षांच्या चार हजार नोंदींमध्ये शेरा कधीच लिहिलेला नव्हता. आज होता.

रुग्ण विचारतात, मुलगी न्यायला कधी येणार.

दार उघडून आईने आत डोकं घातलं. "चल गं, झालं का तुझं? घरी जाऊ."

ताईचा हात माऊसवर होता. आधी कोणाला उत्तर द्यायचं, ते तिला कळेना.